तीनच्या पुढे

चियातुरात शाळा कड्यावर,
घरं खाली, क्विरिला नदीच्या काठाला.
मुलं तारेवरून येतात, लोखंडी पाळण्यात उभी राहून,
बुटांवर मँगनीजची काळी भुकटी.
साडेआठला मी दार लावते.
पाळणा अडकला, ही सबब चालत नाही,
पाळणा रोजच अडकतो.

एकतीस वर्षं झाली.
लामाराबाईंच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते,
मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगतात,
आणि मी मान खाली घालते,
टाचणी शोधत असल्यासारखी.

छडी माझ्याकडे कधीच नव्हती.
आकडे होते.
कुणी खिदळलं, बाक करकरलं,
की खडू खाली ठेवायचा आणि म्हणायचं, एक.
दोनपर्यंत पाठी ताठ.
तीन म्हणायची वेळ कधी आलीच नाही.

परवा मंगळवारी त्सोत्ने खिडकीशी उभा राहिला, बसेचना.
एक.
दोन.
त्यानं वळून पाहिलं.
उर्मटपणा नव्हता, तो मला पाठ आहे;
पुस्तकाच्या शेवटी छापलेलं उत्तर
आता दिसेल, असा चेहरा.
आणि माझ्या तोंडून गेलं,
तीन.

अठ्ठावीस मुलं बघत राहिली.
तीननंतर काय करायचं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
मीही कधी विचारलं नव्हतं.
वर्गाचे तीनतेरा वाजणार म्हणून मी टेबलाची कड धरली.
वाजलं काहीच नाही.
मागून केतेवान हळूच म्हणाली,
"मास्, चार?"
अडलेल्याला शब्द सुचवावा तशी.

तेव्हा कुठे मी खिडकीपाशी गेले.
दरीच्या मधोमध पाळणा थांबलेला, वाऱ्यावर किंचित हलत,
काचेला चिकटलेली एक लाल टोपी.
"बहीण आहे," त्सोत्ने म्हणाला,
"पहिलीतली. आज पहिल्यांदा एकटी."

कुणाला उठायला सांगितलं नव्हतं, सगळे उठले.
खिडकीपाशी दाटीवाटी, एकाचा कोपर माझ्या बरगडीत.
कुणी बोलेना.
टाचणी पडली असती तर
कुणालाच ऐकू आली नसती.
मग तार कुरकुरली, टोपी सरकली,
आणि सहावी ब इतकी ओरडली
की शेजारच्या वर्गातले बेसो सर
दार उघडून माझ्याकडे बघतच राहिले.

रात्री शिक्षण खात्याचा तक्ता भरायला घेतला.
वर्गनियंत्रणासाठी आपण कोणती साधने वापरता?
लिहिलं, आकडे. खोडलं.
लिहिलं, दार. तेही खोडलं.
चौकट काळी झाली, मुलांच्या बुटांसारखी.
चहा गार झाला. तक्ता पिशवीत तसाच आहे.

दार हल्ली नऊला दहा कमी असताना लावते.
एवढंच बदललंय, फार नाही.
जित्याची खोड; आज कुणीतरी कुजबुजलं
आणि मी खडू ठेवून म्हटलं,
एक.

सगळ्या माना
खिडकीकडे वळल्या.