किमान

पहाटे कुंदेवाडीच्या वेधशाळेत
टॉर्च मारून पारा वाचते:
चार पूर्णांक दोन.
वहीत लिहिताना बोटं पेनावर वळत नाहीत.

तेवढ्यात विनिपेगहून वाल्मीक:
उणे एकतीस. पुढे हसरा चेहरा.
‘चारला काय थंडी म्हणतात, ताई?
इथं चारला पोरं हाफ चड्डीत फिरतात.’

असेल.
पण तुझ्याकडे भिंतींच्या पोटात ऊब आहे,
गाडीलासुद्धा रात्री वायर जोडून निजवता म्हणे.
इथं पत्र्याखाली गोधडीवर गोधडी,
आणि द्राक्षाच्या ओळींतून सोपानमामा
रात्रभर शेकोट्या पेटवत हिंडतो,
मणी तडकू नयेत म्हणून.
धुरानं त्याचे डोळे लाल,
पाठ मात्र गारच.

तुझा तो दुबईचा मित्र
एकोणीसला स्वेटर चढवतो, त्यालाही हसू नकोस.
थंडी मोजायची कुठून?
शून्यापासून,
की अंगाला सवय असते तिथून?

घरी येते. आई चुलीपुढे,
तळवे जाळाला दाखवत.
‘त्याच्याकडे किती गं आज?’
‘एकतीस,’ मी सांगते.
उणे गाळते.

‘बरं झालं बाई,’ ती म्हणते,
‘ऊन आहे पोराला.’