सहाचं पोट

वास्कोत, मुंडवेलच्या बाजूला, माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, स्कूटरच्या नंबरप्लेटी,
'रूम भाड्यान दिवप आसा'.
कायतान फुर्तादो आला तो चपलांच्या खोक्यात विमान घेऊन.
वीतभर. राखाडी. बिननावाचं.

"किटातल्या कागदावर सगळे इंग्रज," म्हणाला,
"त्यांचे गोल, त्यांचे आकडे.
मला माझं हवंय."

तेवीस वर्षं तो दाबोळीच्या तळावर रंगारी.
विमानं उडवणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे;
हा त्यांच्यावर आकडे घालणारा,
हातात ब्रश, दातांत टेप.
फोटो? तो हसला.
तळावर कॅमेरा नेला की थेट घरी.
तेव्हा जे होतं ते डोक्यात,
आणि थोडं मनगटात.

भरलेल्या लाइटबिलाच्या पाठीमागं
त्यानं शेवटचा सहा काढला.
पोट सुटलेलं, मान डावीकडे.
मी स्क्रीनवर सरळ केला, सवयीनं.
"न्हय. तो तसोच आशिल्लो."
पावसातली घाई, ओलं स्टेन्सिल, पहाटे उड्डाण.
मग अकरा वर्षं
तो सहा तसाच समुद्रावर जाऊन आला,
कुणी टोकलं नाही.

आता भागाकार.
साठ सेंटिमीटरला बहात्तरनं भागा:
आठ मिलिमीटर आणि काही.
चूकही बहात्तरनं भागली,
उरली केसाएवढी.
मी म्हटलं, दिसणारच नाही.
तो म्हणाला, नको दिसू दे. असू दे.

प्रिंटरला पांढरा येत नाही
हे इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं.
त्याच्या लेखी पांढरा म्हणजे कागद.
आणि हा कागद काचेसारखा:
केशरी आला, हिरवा आला,
मधल्या कड्यातून माझ्या टेबलाचा सनमायका दिसत राहिला.
दुसरा मागवला, पांढऱ्या पाठीचा, बेळगावहून.
वर लॅकर मारलं तर जुलैची हवा त्यात शिरली,
सगळं दुधाळ.
फेकलं. पुन्हा छापलं.
लग्नपत्रिकांसाठी मी एसी लावत नाही,
यासाठी लावला.

शनिवारी त्यानंच कापले,
माझी कात्री नाकारून, दाढीच्या ब्लेडनं,
चष्मा कपाळावर.
बशीत पाणी. वीसपर्यंत ओठांतल्या ओठांत.
कागद खाली राहिला
आणि आकडा त्याच्यावरून निसटला,
सायीसारखा.
"फॅन बंद कर गो."
खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली,
आत माडाचं व्हिनेगर, घरचं,
सोरपोतेलात घालतात तेच.
ब्रशच्या टोकावर एक थेंब.
आकडा सुरकुतला,
माझा जीव गेला.
तो थांबला. नुसता थांबला.
सुरकुती हळूहळू बसली,
पंख्याच्या रेघांत, रिव्हेटांच्या टिंबांत उतरली,
आणि चिकटवलेलं होतं ते रंगवलेलं झालं.

तेवढ्यात धावपट्टीवरून काहीतरी मोठं, नवं उडालं.
काच थरथरली, बशीतलं पाणीही.
त्यानं वर पाहिलं नाही.
दोन बोटांनी आपलं विमान धरून ठेवलं,
आवाज वेर्ण्याकडे जाईपर्यंत.

हॅरियर उभ्याउभी उतरायचं, त्यानं जाताना सांगितलं,
जसं कुणी खुर्चीत बसावं तसं.
खोक्यात ठेवताना त्यानंही तसंच ठेवलं.

दुकानात दोन दिवस सोरपोतेलचा वास.
उरलेला कागद त्यानं नेला नाही.
ड्रॉवरमध्ये तीन सहा आहेत,
रबरबँड आणि इलेक्शनच्या स्टिकरांखाली,
डावीकडे रेललेले.
परवा एका पोराची नंबरप्लेट केली.
त्यात सहा होता.
क्षणभर माऊस थांबला.
मग सरळच केला.
आरटीओला नाही चालत.