शून्य रीडिंग

आधी वखार नको. ती कुठे जात नाही.
तुमचे लोक निघून गेले तरी ती गेली नाही,
मग तासाभराने काय बिघडतं?
तुमचं मराठी चांगलं आहे, योस्टसाहेब,
फक्त 'ळ' जरा ओला आहे. वेंगुर्ल्यात चालतो.

मी वीज मंडळात एकतीस वर्षं मीटर वाचले.
त्यामुळे हे गाव मला रस्त्यांनी आठवत नाही,
आकड्यांनी आठवतं,
आणि कुत्र्यांनी.

ही बाबल केरकराची गिरण.
इथलं चक्र असं गरगरायचं
की वाटायचं, मीटरच दळण दळतोय.
पापण्यांवर पीठ घेऊन मी पुढच्या घरी जायचो,
पुढच्या घरचं पोर मला भूत म्हणायचं.
ते पोर आता नगरपालिकेत आहे. नमस्कार करतं.

निळं दार शालन मोचेमाडकरचं.
एक दिवा, पंखा नाही, महिन्याला चार युनिट.
"आकडो लिव आणि घावणो खा,
थंड झालो तर माका बोल लावू नको."
मी दोन्ही करायचो.
साहेबांनी कधी विचारलं नाही
चौदा नंबरच्या पानावर दर महिन्याला
खोबरेलाचा डाग कसला.

मासळी बाजारात भाव विचारू नका.
विचारलात की पेडवे तुमचे झाले,
पिशवी असो वा नसो.
वहीत काय लिहिताय? वास?
लिहा. पण तो वहीत राहत नाही,
वहीच त्याच्यात राहते.

हे इनास आल्मेडाचं रेडिओचं दुकान, आता मोबाइलचं.
इनास मीटरची काच लिंबाने पुसून ठेवायचा.
"आकडो दिसाक व्हयो, रे.
चोरी करूची तर उजेडात करूची."
त्याने कधी केली नाही.
मी तीन वेळा तपासलं, मनात लाज धरून.

आणि ही ओळ. सहा घरं, सहा कुलपं.
पुणे, मस्कत, पुणे, ठाणे, एक कॅनडा,
एकाचं कुणालाच माहीत नाही.
इथे मीटर झोपलेले.
दोन हजार नऊशे सात, पुढच्या महिन्यात
दोन हजार नऊशे सात.
चतुर्थीच्या महिन्यात मात्र नऊशे एकोणतीस!
बावीस युनिटांत
आरती, मोदक, भावाभावांचं भांडण,
पहाटेपर्यंत लोटीवरचा दिवा.
मी तो आकडा जरा मोठ्या अक्षरात लिहायचो.

तिकडे बघा, खडकांवरची बत्ती.
तिचा मीटर माझ्या वाट्याला आला नाही,
माझं पोट होडीत टिकत नाही.
तुमच्याकडे म्हणे समुद्राला भिंत घालतात.
आम्ही नारळ देतो.
दोघांचंही तो ऐकतो असं नाही.

बरं. ही वखार.
जांभ्याच्या भिंती, छप्पर आभाळाचं,
खिडकीतून आत आलेलं झाड
आता घरमालकासारखं उभं.
कापड होतं म्हणतात, मिरी होती म्हणतात.
मला विचाराल तर पहिल्या आठवड्यात
हेडक्लार्क आरावंदेकरांनी मला इथेच पाठवलं:
"डच वखारीचं रीडिंग राहिलंय, घेऊन ये."
मी नवा. बॅटरी घेऊन दुपारभर
या भिंतींत मीटर शोधला.
पाली निघाल्या. एक बिडी निघाली.
संध्याकाळी सगळं ऑफिस दारात हसत उभं,
आणि मी रजिस्टर पुढे केलं:
मागील रीडिंग शून्य, चालू रीडिंग शून्य,
शेरा: ग्राहक स्थलांतरित.

आरावंदेकर हसायचे थांबले.
त्यांनी त्या पानावर सही केली,
आणि पुढे चहा सांगितला.

तुम्ही भिंतीला हात लावून गप्प का?
लावा. गरम आहे ना अजून?
दिवसभराचं ऊन आहे, बिल येत नाही त्याचं.

आता त्या फटीतून बाजाराकडे बघा.
लागला. दुसरा लागला.
तो बाबलचा. तो पिवळा शालनच्या सुनेचा,
तिने पंखाही घेतलाय.

माझं घर? ते शेवटी.
तिथलं रीडिंग बायको घेते,
आणि आज आपल्याला उशीर झालाय.