हीट नंबर दोनशे चौदा

दारूखान्यातून निघालेला ट्रक
शिरोलीत आमच्या गेटवर पहाटे चारला लागला.
चलनावर लिहिलेलं : जहाजी प्लेट, जाड, अठरा टन सहाशे.
जहाजाच्या नावाला चलनात रकाना नसतो.

नाव सांगितलं वॉचमन तातोबा खोतांनी.
बॅटरी मारून एका पत्र्यावर नख घासलं,
करड्याखाली करडा, त्याखाली करडा,
तळाला शेंदरी,
आणि म्हणाले, "ही आमची वेदगंगा."

मला वाटलं, म्हातारा नदीचं काढतोय.
नदी त्यांच्या रानाच्या बांधालाच लागून,
मुरगूडकडच्या माणसाला दुसरी कुठली आठवणार?

पण ती बोट होती. लढाऊ.
भरतीला गेलेली गावची पोरं पलटणीत गेली,
हे रांग चुकले आणि आरमारात.
अकरा वर्षं बॉयलरवर, पाण्याच्या रेषेखाली.
"समुद्र बघितला त्यो चहाच्या सुट्टीत," म्हणतात,
"न्हाईतर आमचा समुद्र म्हंजे एक काटा,
लाल खुणेच्या वर जाऊ द्यायचा न्हाई."

लढाईत तिनं काय केलं, मी विचारलं.
"आमाला खाली काय दिसतंय?
वरनं घंटा झाली की वाफ वाढवायची.
पहाटं घंटा थांबली.
कुकनं खाली शिरा पाठवला,
तवा कळालं, जगलो."

वादळानंतर तिनं तांदूळ वाहिला.
जेवणाच्या टेबलावर एक बाई बाळंत झाली,
गरम पाणी तातोबांच्या बॉयलरचं.
ही गोष्ट ते दर वेळी सांगतात,
आणि दर वेळी मुलगी की मुलगा ते विसरतात.

मग नवी पोरं शिकायला तिच्यावर,
मग तोफा काढल्या, मग इंजिन,
मग नुसती धक्क्याला बांधून ठेवली वर्षानुवर्षं
दुसऱ्या बोटी टेकायला.
मग लिलाव.
पितळ, तांबं मुंबईतच गेलं.
आमच्याकडं आलं ते लोखंड,
ज्याचा भाव किलोवर ठरतो.

बंद पाइप भट्टीत टाकायचा नाही, हा आमचा पहिला नियम.
आत घोटभर पाणी राहिलं तरी
रस छतापर्यंत उडतो. सदाशिवचा डोळा तसाच गेला.
म्हणून दोन्ही टोकांना टोपण असलेला तो पाइप
बंडूनं कटरनं कापला.

तांब्याभर पाणी सांडलं, तपकिरी.
कुणी काही म्हणायच्या आत
तातोबांनी त्यात बोट बुडवलं
आणि जिभेला लावलं.

"खारं हाय अजून."

आम्ही सगळे उगाच भट्टीकडं बघत राहिलो.
बंडूनं पाइप उलटा करून झटकला,
मी तो चार्जमध्ये लिहिला : अकरा किलो.

हीट नंबर दोनशे चौदा.
रंग जळताना वास आला तो कुठल्याही रंगाचा येतो.
तिच्यासोबत स्कूटरची चाकं, प्रेसची कात्रणं,
हुपरीकडच्या कुणाची तरी तिजोरी.
त्या रसातून नव्वद पंपांच्या बॉड्या पडल्या,
गेल्या गडहिंग्लजला, निपाणीला, पार विजापूरला.

"आमच्या नदीवर एखादा बसला आसंल का?"
तातोबांनी दोनदा विचारलं.
मी बिलबुक चाळलं. पंप कंपनीपर्यंतच नाव लागतं,
पुढं दुकानदार, पुढं शेतकरी. नाही सांगता आलं.
खोटं बोललो असतो तर चाललं असतं.
पण हिशेबनीस आहे मी, जीभ वळली नाही.

एक बॉडी मात्र फुटकी निघाली, हवेचं भोक पडलेली.
ती परत भट्टीत जायची.
दोन महिने ती वॉचमनच्या खोलीच्या दाराला आहे,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.
स्टॉकमध्ये मी अजून ती लिहिलेली नाही.

काल बघितलं, तिच्यावर ब्रश फिरलाय,
करडा.
मी विचारलं, कुणी सांगितलं रंगवायला?
तातोबा डबा मिटत म्हणाले,
"सांगाय कशाला लागतंय?
मैना झाला की मारायचाच आसतोय."