पाच हजारात अंधार

पहाटे बोरोबुदुरला सूर्य बघून येतात,
दुपारी प्रंबाननच्या सावलीत टोप्या काढून वारा घेतात,
कोतागेडेत चांदीची फुलपाखरं उचलून
भाव विचारून
होती तिथेच ठेवतात.
आणि दिवसभर डोळ्यांनी तडस लागेपर्यंत खाल्लं की
संध्याकाळी येतात माझ्याकडे
डोळे बांधून घ्यायला.

मी तुमिनाह. राजवाड्यामागच्या मैदानावर
काळ्या पट्ट्या भाड्यानं देते.
एकीचे पाच हजार रुपिया.
दचकू नका, तेवढ्यात इथं
आल्याच्या पाण्याची एक वाटीसुद्धा येत नाही.
समोर वडाची दोन झाडं, भोवती कुंपण.
डोळे बांधून मधून सरळ पलीकडे गेलात
तर मन निर्मळ,
मनातलं मिळेल.
एवढंच करायचं. चालायचं.

आमचं शहरच म्हणे एका रेषेवर आखलंय:
उत्तरेला धुमसणारा मेरापी,
दक्षिणेला समुद्राची राणी,
मधोमध सुलतानाचं घर.
आणि त्याच रेषेवर
माणसाला शंभर पावलं सरळ टाकता येत नाहीत.

कुणी कलंडतो दिव्यांच्या पेडलगाड्यांकडे.
कुणी गोल फिरून माझ्याच स्टुलाला अडखळतो
आणि विचारतो, पोचलो?
सुराबायाची एक नवी नवरी
नवऱ्याच्या आवाजावर चालत गेली,
उजवीकडे, उजवीकडे, अगं तुझ्या उजवीकडे,
ती थेट कुंपणावर.
भांडण तिथेच सुरू झालं.
पट्टी मी परत मागितली नाही.

रात्री धुवायला बसते.
बादलीत उतरतं काजळ, घाम, कुणाचं रडू,
आणि बारीक करडं काहीतरी, जे मी ओळखते.
मेरापी फुटला त्या वर्षी
माझा कास्मिन्तो ब्रश घेऊन बोरोबुदुरला गेला,
दगडी हत्तींच्या कानांतली राख काढत
नऊ दिवस बसला.
घरी आला तो खोकत. मग दोन वर्षं खोकला. मग नाही.
त्या देवळाचं मला ठाऊक आहे ते एवढंच,
कानात राख जाते.
बसनं दीड तास लागतो.
गेले नाही अजून.

परवा क्लिवोनच्या शुक्रवारी सरेंगत आला,
बांतुलचा मालिशवाला, जन्माचा आंधळा.
काठी माझ्या स्टुलाला टेकवली,
म्हणाला, एक पट्टी दे.
तुम्हाला कशाला?
नियम सगळ्यांना सारखा ना?
नोट काढली. एक कोपरा दुमडलेला,
पाच हजाराची त्याची खूण.

बांधली मी. गाठ मारताना हात उगाच चाचरला.
त्यानं पहिलं पाऊल टाकलं
आणि वासिमाननं आल्याच्या पातेल्यातला डाव खाली ठेवला.
मलाही वाटलं, हा जाणार.
ह्याचं तर रोजचंच चालणं हे.
वीस पावलं सरळ.
तीस.
मग हळूच, सगळ्यांसारखाच,
डावीकडे, डावीकडे,
दिव्यांच्या गाडीतली पोरं ओरडली, तरी डावीकडे,
आणि वासिमानच्या गाड्याला पोट लागल्यावर थांबला.
नाक वर केलं.
आलं, म्हणाला.
म्हणजे चुकलो.

हसला किती! खांदे हलेपर्यंत.
बरं झालं, म्हणाला,
साठ वर्षं मला वाटत होतं
डोळ्यांमुळेच.

दोन वाट्या मागवल्या, एक माझ्यासाठी.
तांदळाच्या गोळ्या चावत बसलो.
त्यानं विचारलं, झाडं कशी आहेत गं?
मी बघितलं. एवढी वर्षं इथं बसते,
आणि सांगायला
मला वेळ लागला.

त्या रात्री एकतीस पट्ट्या निघाल्या.
त्याची कोरडी होती.
काजळ नाही, राख नाही,
गाठीचा एक पीळ तेवढा.
तिलाही साबण लावला.