दोन ते चार

रविवारी दोन ते चार
घरमालकिणीने घरात असू नये,
हा एजंटबाईचा नियम.
म्हणून समोरच गाडीत बसले, हीटर लावून,
डुलुथच्या बर्फात.

माझ्या ओव्हनमध्ये तिने दालचिनीचे रोल ठेवले, वासासाठी.
ऑर्विल गेल्यापासून तो पेटलाच नव्हता.

अकरा जण आले. बूट काढून
पायांना निळी टोपडी चढवली.
नऊ आमच्याच गल्लीतले.
"शेजारी म्हणजे नुसते बघे," ती म्हणाली,
"घर घेत नाहीत."

त्यात व्हर्न.
कुंपणावरून एकवीस वर्षं अबोला.
सगळ्यात शेवटी निघाला, तळघरातून,
गुडघे ओले.

सोमवारी ऑफर एकही नाही.
दारात व्हर्न, हातात पाना.
"खालचा पंप गळतोय तुझा.
काल मी कुणाला बोललो नाही."