मधले दोन बोल्ट

शेंदुरजन्याच्या रस्त्यावर, संत्र्याच्या मंडीला लागून
उद्धव खात्याचं वर्कशॉप आहे.
त्याच्या तेलकट बाकावर मी लॅपटॉप उघडला
आणि ट्रॉलीची दांडी पडद्यावर गोल फिरवून दाखवली.
निळी, मग हिरवी, वेल्डिंगपाशी एक लाल ठिपका.
"इथं तुटेल," मी म्हणाले.
चष्मा कपाळावर सारून तो बघत राहिला.
"पण तुटली त इथं नाई, पोरी."

तुटलेली दांडी भिंतीला टेकून उभी होती.
चीर पिनच्या भोकातून निघाली होती,
केसाएवढी, मग करंगळीएवढी,
मग शंभर क्रेट संत्री डांबरावर.

माझी चूक मला तिथंच कळली, बोलले मात्र नाही.
पिन आणि भोक यांच्यामध्ये मी लिहिलं होतं: चिकटलेलं.
एकच शब्द. त्याने काम लवकर उरकतं,
गणित रुसत नाही,
ओझं या लोखंडातून त्या लोखंडात असं जातं
जसा मध्ये कधी सांधाच नव्हता.

उद्धवने नखाने भोकाची कड खरवडली.
"हे पाह्य. इथं चकाकते, म्हंजे इथं टेकते.
इकडं रंग तसाच हाय. इकडून काईच जात नाई."
चकाकी तीजेच्या कोरीएवढी,
आणि कोरीच्या टोकांशी लाल भुकटी,
लोखंडाने लोखंड घासून केलेली, कुंकवाहून बारीक.
एवढ्याशा जागेतून तीन टनांची ओढ
रोज वरूडपर्यंत जात होती.

मग त्याने प्लेटवरचे बोल्ट दाखवले. एका रांगेत सहा.
मी सहांना सारखं वाटून दिलं होतं.
"हा पह्यला अन् हा शेवटचा, यायच्याच भोकायले ओढ लागली.
मधले दोन पाह्य. आटे अजून नवे."
तो हसला.
"लग्नात कढई उचलाले सहा जण येतात ना,
अन् घाम दोघायलेच येते. तसं."

रात्री घरी बसून 'चिकटलेलं' खोडलं.
तिथं फट ठेवली, अर्ध्या मिलिमीटरची. घर्षण दिलं.
पिनला सांगितलं: टेकशील तेव्हाच ढकल,
सुटशील तेव्हा काही देऊ नकोस.
पहिल्याच पावलाला दांडी उडून गेली.
खरंच. पडद्याबाहेर, आकड्यांत, कोट्यवधी मीटर दूर,
कारण तिला अजून कोणीच धरलेलं नव्हतं.
बाहेर रात्रीची थ्री-फेज आली,
कुणाच्या तरी विहिरीवर मोटार सुरू झाली.
मी तिला एक नावापुरती स्प्रिंग बांधली,
इतकी कच्ची की हिशोबात दिसू नये,
पिन भोकाला टेकेपर्यंत नुसती सोबत.

टेकली.
मग अर्ध्या पावलाने, मग पाव पावलाने,
मध्येच अडून, मागे येऊन,
पहाटे कोर उमटली. लाल.
उद्धवच्या नखाखाली होती तिथंच.
आकडा कालच्या अडीचपट.

सकाळी तो बराच वेळ काही बोलला नाही.
"कुठं, हे मले मालूम होतं," मग म्हणाला,
"किती, थे नोतं मालूम."
पाना उचलला, पुन्हा ठेवला.
"मंग हे मधले दोन काढून टाकू काय?"

रात्री तेही करून पाहिलं होतं मी.
ते नसले तर कडेच्या दोघांवर आठ टक्के जास्त येतं.
फार नाही. पण येतं.
"मंग राहू दे," तो म्हणाला,
आणि पाहायला म्हणून कोरीवर बोट ठेवलं, पडद्यावरच्या,
पुढचं चित्र यावं म्हणून एंटर दाबलं.

ती भुकटी अजून त्या बटणावर आहे.
पुसली नाही असं नाही.